नकाशा आणि टाकी

१८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ छापून निघाले, तेव्हा कोटाच्या भिंती पाडायला सुरुवात झालेली होती. आज ज्या इमारतींकडे बोट दाखवून आपण ‘जुनी मुंबई’ म्हणतो, त्यांतली जवळजवळ एकही त्या वेळी उभी नव्हती. उच्च न्यायालय नव्हते, राजाबाई टॉवर नव्हता, क्रॉफर्ड मार्केट नव्हते. बोरीबंदराला आगगाडी येत होती, पण स्टेशन अगदी साधे होते. सव्वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला, तोवर हे सगळे बांधून झाले होते. पहिले पुस्तक ऐन पंचविशीत वाचलेला माणूस दुसरे हाती घेताना पन्नाशी ओलांडून बसला होता, आणि तेवढ्या अवधीत त्याच्या डोळ्यांदेखत एक शहर जाऊन दुसरे आले होते.

या दोन मराठी पुस्तकांमधली वर्षे, आणि त्यांच्या पुढची चौदा वर्षे, हा आमच्या पुस्तकाचा विषय आहे. या काळातल्या इमारतींवर इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. त्यातून प्रत्येक इमारतीला एकेक नाव चिकटले आहे: विद्यापीठ म्हटले की सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, हायकोर्ट म्हटले की फुलर, व्हिक्टोरिया टर्मिनस म्हटले की स्टीव्हन्स. ही नावे खरीच आहेत आणि त्यांचे श्रेय कमी करण्याचे काही कारण नाही. पण स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नाही. त्यांनी लंडनमध्ये काढलेले नकाशे आणि ओव्हल मैदानाच्या कडेला २८० फूट चढलेला राजाबाई टॉवरचा दगड यांच्यामध्ये माणसांची एक मोठी साखळी होती. नकाशा वाचून तो जागेवर उतरवणारे असिस्टंट इंजिनिअर, रोज कामावर उभे राहणारे ओव्हरसिअर, दगड, चुना आणि माणसे पुरवणारे कंत्राटदार, नक्षीचे नमुने करून देणारे कलाशाळेचे (जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे) विद्यार्थी, आणि शेवटी टाकी हातात धरणारे पाथरवट. आमचे म्हणणे एवढेच की या काळाची वास्तुकला त्या साखळीसकट वाचल्याशिवाय नीट वाचता येत नाही. आर्किटेक्ट हा स्वतंत्र पेशा पश्चिम भारतात याच साखळीतून हळूहळू वेगळा झाला, आणि तो वेगळा होत असताना काय हाती आले नि काय सुटले, हे आम्हांला या विषयाचे मर्म वाटते.

नव्या वाचकाला आधी पैशाची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याशिवाय यातले काहीच झाले नसते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. चार वर्षे मुंबईच्या बंदरात पैशाचा पूर लोटला. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांनी कोटाच्या भिंती पाडण्याचा निर्णय अमलात आणला. शत्रूच्या तोफांची भीती उरली नव्हती आणि दाटीवाटीच्या फोर्टाला हवा हवी होती. तट पडले, मैदानाच्या कडेने जागा मोकळी झाली, आणि त्या जागा विकून सरकारी इमारतींसाठी पैसा उभा राहिला. तटबंदी हटवण्यासाठी नेमलेल्या समितीचे वास्तुविशारद म्हणून जेम्स ट्रबशॉ काम पाहत होते. शहराने कुठे कसे उभे राहावे याचा एकत्रित विचार या समितीपासून सुरू होतो.

१८६५ मध्ये यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, आणि बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांबरोबर अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा सट्ट्याचा बादशहाही खाली आला. तरी बांधकामे थांबली नाहीत, हे विशेष आहे. प्रेमचंदांनी पडझडीच्या आधीच, १८६४ मध्ये, विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख देऊन ठेवले होते. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. दीक्षान्त सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनींनी एक लाख दिले. कलाशाळेसाठी जमशेटजी जिजीभाईंनी १८५३ मध्येच एक लाख दिले होते. परदेशी राज्यकर्त्यांचा तोरा मिरवणाऱ्या या इमारतींच्या पायात पारशी, जैन आणि बगदादी यहुदी व्यापाऱ्यांचा पैसा आहे. तिथल्या देणगीदारांच्या पाट्या वाचत गेले तर शहराचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

या इमारतींची गॉथिक शैली आली कुठून? इंग्लंडात तेव्हा अभिजात ग्रीक-रोमन वळण आणि मध्ययुगीन गॉथिक वळण यांच्यात खडाजंगी चालू होती. ऑगस्टस प्युजिन यांनी १८३६ मध्ये गॉथिकची बाजू धर्मश्रद्धेच्या अंगाने मांडली. जॉन रस्किन यांनी पन्नाशीच्या दशकात व्हेनिसच्या इमारतींवर लिहिताना एक निराळाच मुद्दा पुढे आणला. गॉथिक सुंदर आहे, कारण तिच्यात घडवणाऱ्या कारागिराला आपल्या मनाने घडवण्याची मोकळीक आहे, असे ते म्हणत. टोकदार कमान, रंगीत दगडांचे पट्टे, खांबाच्या माथ्यावर प्रत्येक वेळी वेगळी पाने-फुले-पक्षी: हे सगळे त्यांच्या लेखी कामगाराच्या स्वातंत्र्याच्या खुणा होत्या. स्कॉट, स्ट्रीट, बर्जेस ही या चळवळीची मोठी नावे. त्यांच्या हाताखाली शिकलेली किंवा त्यांचे छापील नकाशे पाहून वाढलेली तरुण मंडळी साठीच्या दशकात मुंबईला आली, त्याच सुमारास शहराच्या हाती पैसा आणि मोकळी जमीन दोन्ही होते. गॉथिकचा मुंबईतला पहिला ठळक नमुना मात्र त्याआधीचा आहे. कुलाब्याचे, हेन्री कॉनिबेअर यांनी आखलेले अफगाण चर्च १८५८ मध्ये पूर्ण झाले होते आणि त्याचा उंच शिखर-मनोरा पुढे १८६५ मध्ये चढला.

ज्याला पुढे ‘मुंबई गॉथिक’ म्हणू लागले, ते एकजिनसी नाही. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी १८६७ ते १८७४ या काळात बांधलेल्या सचिवालयात व्हेनिसचे वळण आहे. जेम्स फुलर यांच्या हायकोर्टात (१८७१ ते १८७८) जुन्या इंग्लिश गॉथिकचा जडपणा आहे. स्कॉट यांच्या सभागृहावर फ्रान्सची छाया आहे. विल्किन्स आणि फुलर हे दोघेही लष्करी इंजिनिअर होते, पेशाने आर्किटेक्ट नव्हते. त्यांच्या इमारती पुस्तकी आहेत असा आरोप होतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. हायकोर्टाचे दर्शन मलाही रुक्ष वाटते. पण त्याच्या व्हरांड्यात एप्रिलच्या दुपारी उभे राहिले की दुसरी बाजू कळते. या सर्व इमारतींची तोंडे पश्चिमेला होती. तेव्हा समोर मैदान आणि त्यापलीकडे थेट समुद्र होता. मरीन ड्राइव्हचा भराव पुष्कळ पुढचा. खोल कमानींचे व्हरांडे ऊन अडवत आणि समुद्रावरचा वारा आत घेत. युरोपात देवळासाठी घडलेली कमान इथे कचेरीच्या सावलीसाठी वापरली गेली, आणि त्या वापराने ती बदलली.

दगडाने तर ती आणखी बदलली. इंग्लंडात रंगीत दगडांचे पट्टे जुळवायला खटाटोप करावा लागे. मुंबईला ते सहज साधले. काळा बेसॉल्ट जवळच होता, मालाड आणि कुर्ल्याच्या खाणींतून पिवळट दगड येई, आणि नक्षीसाठी पोरबंदरचा पांढरट चुनखडीचा दगड गलबतांतून येई. काळा दगड टाकीला दाद देत नाही, म्हणून तो भिंतींना. पोरबंदरी मऊ, म्हणून खांबांचे माथे, जाळ्या आणि मुखवटे त्यात. या भेदातून इमारतींचे रूप ठरत गेले. कुठे काळे, कुठे पिवळे, कुठे पांढरे येणार हे लंडनच्या कागदावर पुरते ठरत नव्हते. खाणीवर आणि धक्क्यावर ठरत होते.

रस्किन यांचा कारागीर इथे कोण होता? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कलाशाळेत जावे लागते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ साली दोन तरुण शिक्षक आले: शिल्प शिकवणारे जॉन लॉकवूड किपलिंग आणि चित्रकार जॉन ग्रिफिथ्स. किपलिंग दहा वर्षांनी लाहोरला गेले. ग्रिफिथ्स राहिले, आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेण्याचे त्यांचे प्रचंड काम इथूनच झाले. शहरात चाललेली बांधकामे ही या शाळेची खरी कार्यशाळा होती. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकरी-कष्टकऱ्यांची उठावशिल्पे किपलिंग यांची. व्हिक्टोरिया टर्मिनसवरचे मोर, माकडे, सरडे, पानांच्या वेली यांचे नमुने ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी केले. हायकोर्टाच्या एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधलेले, तराजू धरलेले माकड आहे. कंत्राटाच्या भांडणातून चिडलेल्या माणसाने ते घडवले, अशी आख्यायिका वकील मंडळी अजून सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी माकड तिथे आहे, आणि ते लंडनच्या नकाशातले नाही. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत. ते रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी घडवले. हे गृहस्थ या कामावर असिस्टंट इंजिनिअर होते. स्कॉट यांच्या मनोऱ्याखाली रोज शेकडो माणसे जातात. मकुंद रामचंद्रांचे नाव त्यांतल्या फारच थोड्यांच्या कानी पडले असेल.

व्यावसायिक आर्किटेक्ट म्हणून मुंबईत आलेल्यांत विल्यम इमर्सन यांची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते आपले गुरू विल्यम बर्जेस यांनी कलाशाळेसाठी केलेला आराखडा घेऊन आले. आराखडा अतिशय देखणा होता. पण खर्च पेलण्याजोगा नव्हता, म्हणून तो कागदावरच राहिला. इमर्सन मात्र इथे टिकले. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत त्यांनी मार्केट बांधले, पुढे अलाहाबाद आणि भावनगर इथे कामे केली, आणि शेवटी कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल त्यांच्याकडे आले. भारतात घडलेला हा माणूस पुढे ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष झाला.

तरी या काळाचा नायक निवडायचा तर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनाच निवडावे लागेल. १८४७ मध्ये इंग्लंडातल्या बाथ शहरात जन्मलेले स्टीव्हन्स विशीत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आले. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम (आजचे पोलीस महासंचालकांचे कार्यालय) हे त्यांचे पहिले नावाजलेले काम. मग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने त्यांना सरकारकडून मागून घेतले. १८७८ मध्ये बोरीबंदरच्या नव्या स्टेशनाच्या कामाला सुरुवात झाली आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, स्टेशनाला तिचे नाव मिळाले. खर्च सोळा लाखांच्या थोडा वर गेला. या इमारतीवर लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाची छाया आहे असे नेहमी म्हटले जाते, आणि नाते उघड आहे. पण स्कॉट यांच्या सेंट पँक्रसला घुमट नाही. अष्टकोनी दगडी घुमट, दोन बाजूंना पुढे आलेले पंख, मध्ये चौक आणि व्हरांड्यांच्या ओळी, ही मांडणी एखाद्या राजवाड्याची आहे. तो घुमट आतून पाहावा: जिन्याच्या तळाशी उभे राहून वर पाहिले की भार कसा फासळ्यांतून खाली उतरतो हे शाळकरी मुलालाही कळते. माझ्या मते शतकाच्या उत्तरार्धात भारतात बांधलेल्या कुठल्याच सार्वजनिक इमारतीत रचना आणि अलंकार यांचा एवढा मेळ बसलेला नाही.

व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे असिस्टंट इंजिनिअर आणि एम. एम. जनार्दन हे देखरेखीला होते. स्टीव्हन्स यांनी १८८४ मध्ये सरकारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय मांडला, आणि वैद्य पुढे महापालिकेच्या इमारतीवरही त्यांच्याबरोबर होते. या इमारतीसाठी आधी मद्रासचे रॉबर्ट चिझोम यांचा आराखडा पसंत झाला होता. तो बाजूला पडून काम स्टीव्हन्स यांच्याकडे आले आणि १८९३ मध्ये पूर्ण झाले. तिच्या घुमटांत विजापूरची आठवण देणारा गोलावा आहे. गॉथिकच्या घरात देशी पाहुणा येऊन राहावा तसा. मग त्यांनीच आखलेली चर्चगेटची बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची कचेरी उभी झाली, आणि १९०० मध्ये, वयाच्या पन्नाशीतच, स्टीव्हन्स मुंबईत वारले.

त्याच पिढीतले खानबहादूर मंचेरजी कावसजी मर्झबान (१८३९ ते १९१७) यांच्याकडे मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. सरकारी खात्यात ट्रबशॉ आणि फुलर यांच्या हाताखाली काम करत ते वर आले आणि पुढे महापालिकेचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. कामा हॉस्पिटल त्यांचे. पण मला त्यांचे मोठेपण दुसऱ्या कामात दिसते. गरीब पारशी कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्याची, उजेड-वारा असलेली घरे त्यांनी बांधली. शहरातले बाकी बडे वास्तुकार मनोरे चढवत असताना हा माणूस खोलीच्या खिडकीचा विचार करत होता.

आता कंत्राटदार. वास्तुकलेच्या पुस्तकांत यांना जागा नसते. सामाजिक इतिहासात मात्र ते ठसठशीत उभे आहेत. मुंबईतल्या बांधकामांवर तेलंगणातून आलेल्या कामाठी लोकांचा मोठा भरणा होता, आणि त्यांच्यातून मोठे कंत्राटदार निघाले. व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही नावे सत्यशोधक समाजाच्या इतिहासात आपण वाचतो, कारण मुंबईत त्या चळवळीचा मोठा आधार ही मंडळी होती. स्वतः जोतीराव फुले कंत्राटदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. इंजिनिअर खात्यात काम कसे चालते, मजुराच्या हाती काय पडते, हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते. ‘गुलामगिरी’च्या (१८७३) शेवटी त्यांनी या खात्याचा समाचार घेतला, त्यामागे ही प्रत्यक्ष ओळख आहे. खाते नवे होते, त्यातल्या खुर्च्या मात्र जुन्या वर्णश्रेणीप्रमाणेच भरल्या गेल्या, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते हा मजकूर त्या काळातल्या बांधकाम व्यवसायावरचा मराठीतला एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे, आणि वास्तुकलेच्या अभ्यासकांनी तो त्या नजरेने वाचायला हवा.

पुण्याच्या मंडईचा वाद याच धाग्यातला. नगरपालिकेने मोठी मंडई बांधायचे ठरवले तेव्हा सभासद असलेल्या फुल्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे मत होते. वासुदेव बापूजी कानिटकर या पुणेकर कंत्राटदाराने बांधलेली, मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली ही मंडई १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. आज पुण्याची मंडई आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट, दोन्ही महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जातात. सार्वजनिक इमारत कोणासाठी, तिचा खर्च कोणाच्या तोंडातला घास काढून, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मराठीतून विचारला गेला होता. वास्तुकलेवरच्या चर्चेत तो पुन्हा घ्यावा म्हणून या वादाला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

मुंबईबाहेर वारे वेगळे होते. संस्थानिकांना गॉथिक चर्चसारखा राजवाडा नको होता. मेजर चार्ल्स मँट यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा (१८७७ ते १८८४) काळ्या दगडात बांधला. त्यात देवळांच्या खांबांची वळणे आहेत, मुसलमानी घुमट आहेत आणि मध्ये घड्याळाचा मनोरा. या मिश्र वळणाला इंडो-सारासेनिक हे नाव पडले. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे कामही मँट यांच्याकडे होते. ते १८८१ मध्ये वारले आणि चिझोम यांनी तो पुढे १८९० मध्ये पुरा केला. मद्रासचे सीनेट हाउस चिझोम यांचेच. जयपूरला सॅम्युअल स्विंटन जेकब यांनी राजस्थानातल्या जुन्या इमारतींचे बारकावे कारागिरांकडून काढून घेऊन त्यांचे मोठे संग्रह छापले.

या शैलीचे समर्थक म्हणत की हीच भारतीय परंपरेची पुढची पायरी. याला त्याच काळात एक आडवा प्रश्न विचारला गेला. बुलंदशहरचे जिल्हाधिकारी एफ. एस. ग्राउस यांचे मत असे होते की परंपरा जिवंतच आहे. नकाशा इंजिनिअरने काढायचा आणि मिस्त्रीने मुकाट्याने पाळायचा, या सरकारी पद्धतीने ती मरते. घर कसे बांधायचे हे मिस्त्रीवर सोपवावे. त्यांनी आपल्या जिल्ह्यात तसे करूनही दाखवले. मला ग्राउस यांची बाजू पटते. कोल्हापूरचा राजवाडा मला प्रिय आहे, पण त्यात देवळाचा खांब देवळाच्या तर्काने आलेला नाही. वेचून आणून बसवलेला आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७६ मध्ये भारतीय वास्तूंचा मोठा इतिहास लिहिला. त्यात शैलींची धर्मवार वाटणी केली, आणि पुढच्या आर्किटेक्टांनी त्या वाटणीतूनच तुकडे उचलले. ज्या माणसांना बांधण्याचे तर्कशास्त्र तोंडपाठ होते त्यांना कोणी विचारले नाही.

लोखंडाचा अध्याय छोटा आहे, पण तो वगळता येत नाही. वॉटसन हॉटेलचा सांगाडा रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखला, इंग्लंडात ओतून घेतला आणि जहाजाने आणून १८६९ पर्यंत काळा घोड्याला जोडला. भिंतींवर भार न देता बिडाच्या खांबांवर इमारत उभी करण्याची ही युक्ती पुढच्या शतकाची होती. शिकागोतली पोलादी उंच इमारतींची चळवळ त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी सुरू झाली. मुंबईत मात्र त्या युक्तीचे खरे वारस गिरण्यांचे कारखाने ठरले. आणि गिरण्यांच्या भोवती चाळी उभ्या राहिल्या. १८७२ मध्ये शहराची वस्ती ६,४४,४०५ होती, १८९१ मध्ये ती ८,२१,७६४ झाली. ही वाढलेली माणसे ज्या खोल्यांत राहत होती त्यांचे नकाशे क्वचितच कुठल्या नामांकित वास्तुकाराच्या टेबलावर गेले. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा या दुर्लक्षाची किंमत कळली, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मनोऱ्यांचा काळ तिथे संपतो आणि रस्ते, गटारे, खोल्या यांचा सुरू होतो.

मग आज हा विषय पुन्हा का उघडायचा? २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस (म्हणजे पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस) जागतिक वारशाच्या यादीत गेले, २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूहही गेला. त्याआधी १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली. यादीत नाव गेल्याने इमारत टिकत नाही. या इमारतींच्या दगडांच्या सांध्यांमध्ये चुना होता. त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत असे. नंतरच्या दुरुस्त्यांत त्या जागी सिमेंट भरले गेले, ओल आत कोंडली, आतले लोखंडी आकडे गंजून फुगले आणि नक्षीचे तुकडे सुटू लागले. पोरबंदरी दगड धुरातल्या आम्लाने झिजतो. हे दुरुस्त करायला चुन्याची घाणी चालवणारा, टाकीने घडवणारा माणूस लागतो, आणि असे हात आता थोडे राहिले आहेत. राजाबाई टॉवरचे जतन २०१० च्या दशकात झाले ते अशा थोड्या हातांच्या बळावर. वॉटसन हॉटेलची इमारत मात्र मोडकळीला आली आहे. उच्च न्यायालय वांद्र्याला हलवायचे ठरले आहे. रिकाम्या झालेल्या इमारतीचे पुढे काय, हे ठरवताना ती कशी आणि कोणी बांधली हे ठाऊक असलेली माणसे टेबलाभोवती बसलेली हवीत. ही चर्चा मराठीतून होणार असेल तर मराठीत तेवढी सामग्री हवी.

दुसरे कारण शिक्षणाचे आहे. पुण्यात १८५४ मध्ये निघालेली इंजिनिअरिंगची शाळा खात्याला ओव्हरसिअर आणि इंजिनिअर पुरवण्यासाठी होती. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण जे. जे. मध्ये विसाव्या शतकातच रुजले. मधल्या काळात या विषयात शिरलेला मराठी माणूस इंजिनिअर म्हणूनच शिरला, आणि त्यातल्या काहींना आपल्या शिक्षणात काय नाही हे जाणवले. पुण्यात शिकलेले रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांनी जुने शिल्पग्रंथ धुंडाळून ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ लिहिले, ते या अस्वस्थतेतून. त्यांचे सगळे निष्कर्ष आज कोणी मान्य करणार नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न, की बांधकामाचे देशी ज्ञान अभ्यासक्रमाबाहेर का राहिले, अजून जागचा हललेला नाही.

पुस्तकाची मर्यादा सांगतो. संपूर्ण भारताचा आढावा इथे नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि बडोदा एवढाच पट घेतला आहे, आणि मद्रास-जयपूर तुलनेपुरते येतात. इमारतींची सूचीही हे पुस्तक नाही. ती कामे इतरांनी चांगली केली आहेत. निवडलेल्या प्रत्येक इमारतीबाबत आम्ही क्रम उलटा ठेवला आहे. आधी दगड कुठल्या खाणीतला आणि कसा आला, मग चुना, लाकूड, कंत्राट, देखरेख, नक्षी, आणि शेवटी नकाशा काढणारा. वाचकाला सुरुवातीला हे थोडे अडचणीचे वाटेल, कारण स्टीव्हन्स यांची भेट बऱ्याच पानांनंतर होते. शेवटी जोडलेल्या शब्दकोशात इंग्रजी संज्ञांपेक्षा पाथरवट, गवंडी आणि सुतार यांच्या तोंडचे शब्द जास्त आहेत. ते कामावरच्या माणसांकडून गोळा केले आहेत आणि गावागणिक फरक आहे तिथे तो तसाच नोंदला आहे.

१९०३ पाशी पुस्तक थांबते. त्या वर्षी १६ डिसेंबरला ताजमहाल हॉटेल उघडले. जमशेटजी टाटांनी त्याचे काम ज्यांच्यावर सोपवले ते सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम चालू असतानाच वारले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले. व्हिक्टोरिया टर्मिनसवर दुसऱ्याचा नकाशा जागेवर उतरवणारा माणूस इथे स्वतःच्या आराखड्याने शहराच्या बंदराकडचे दर्शनी रूप ठरवत होता, आणि काम देणारा मालकही देशी होता. त्यानंतर जॉन बेग आणि जॉर्ज विटेट यांचा काळ येतो, जनरल पोस्ट ऑफिस आणि गेटवे येतात, जे. जे. मधून शिकून निघालेली पहिली पिढी येते. तो मजकूर एवढा आहे की त्याला वेगळे पुस्तक लागेल.